आधी तिच्या जागेवर बसून बघा

सातवीतली मुलगी रविवारी चित्रकलेच्या क्लासहून घरी येते, पिशवीतून कार्ट्रिज पेपरची सुरळी काढते आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून आईसमोर कागद धरते. कागदावर पेन्सिलनं काढलेला एक डबा असतो. आई म्हणते, "छान आलाय गं." बाबा मोबाइलवरून नजर उचलतात, "थोडा तिरका झालाय," म्हणतात आणि पुन्हा मोबाइलकडे वळतात. कागदाची परत सुरळी होते, ती कपाटावर जाते. दोघांचाही त्या पोरीवर जीव आहे आणि दोघांपैकी कुणीही खोटं बोललेलं नाही. पण पुढच्या रविवारी आपण काय वेगळं करायचं, हे तिला दोघांकडूनही कळलेलं नाही.

मी कोल्हापुरात अनेक वर्षं हायस्कूलमध्ये कलाशिक्षिका होते. निवृत्तीनंतर घरच्या पुढच्या खोलीत नवशिक्यांचा वर्ग घेते. शाळकरी मुलं येतात, तशी साठी ओलांडलेली माणसंही येतात. इतके कागद डोळ्यांखालून गेल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. नवशिक्याच्या सरावाच्या कागदावर निकाल द्यायचा नसतो. त्या सरावातून जे एक शिकायचं होतं, तेवढ्यापुरतीच एक गोष्ट सांगायची असते, आणि तीही अशी की शिकणाऱ्याला ती स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहता यावी. आईचं 'छान' ताडून पाहता येत नाही. बाबांचं 'तिरका' सुद्धा येत नाही, कारण कुठली कड तिरकी, कोणत्या बाजूला झुकलेली, हे त्यांनी सांगितलंच नाही.

एक फरक आधीच करून ठेवते. पाच-सहा वर्षांचं मूल दोन डोंगरांमधून उगवणारा सूर्य काढतं, घरापेक्षा मोठी आजी काढतं, तेव्हा तो सराव नसतो. ते त्याचं सांगणं असतं. तिथे कुणीही माप काढू नये, सूर्याला डोळे कसे असतील असंही विचारू नये. आजी एवढी मोठी का, हे विचारलं तर मूल मोठी गोष्ट सांगेल, ती ऐकावी. मी बोलते आहे ते त्यानंतरच्या वयाबद्दल. साधारण दहा-अकराच्या पुढे मुलालाच वाटू लागतं की समोरचा तांब्या तांब्यासारखा दिसायला हवा. तो दिसत नाही म्हणून ते चिडतं आणि बऱ्याचदा याच टप्प्यावर पेन्सिल खाली ठेवतं. ती कायमची खाली राहते की पुन्हा उचलली जाते, हे त्या काळात त्याचे कागद कोण आणि कसे बघतं यावर पुष्कळ अवलंबून असतं.

ज्यांचा पेन्सिलीशी संबंध शाळेत सुटला त्यांच्यासाठी थोडं सांगते. पायाभूत सराव म्हणजे पट्टी न लावता कागदभर मारलेल्या सरळ रेषा, आडव्या, उभ्या, तिरक्या. मग लंबवर्तुळं. मग खोका, डबा, गोळा, शंकू. मग पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत जाणारी छटांची पट्टी. यातलं काहीच फ्रेम करून भिंतीवर लावायचं नसतं. प्रत्येक सरावात एक प्रश्न दडलेला असतो. रेषांच्या कागदात प्रश्न असतो की हात नुसत्या मनगटातून हलतो आहे की खांद्यातून. मनगटातून ओढलेली लांब रेष कमानीसारखी वळते, हे कागदावर लगेच दिसतं. लंबवर्तुळात प्रश्न असतो की दोन्ही टोकं सारखी गोलावली का. छटांच्या पट्टीत प्रश्न असतो की एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत जाताना पायऱ्या सारख्या पडल्या का. कागद बघणाऱ्यानं आधी हा प्रश्न ओळखायला हवा. रेषांचा कागद घेऊन आलेल्या मुलाला "यात अजून काही चित्र नाही का काढलंस?" असं विचारणारे पालक मला भेटतात, आणि त्या मुलाचा चेहरा पडलेला मी पाहते.

जॉन रस्किनचं 'द एलिमेंट्स ऑफ ड्रॉइंग' हे पुस्तक 1857 मध्ये आलं, नवशिक्यांना लिहिलेल्या तीन पत्रांच्या रूपात. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टची सुरुवात झाली ती त्याच वर्षी. रस्किन त्या काळात लंडनच्या वर्किंग मेन्स कॉलेजात शिकवत असे, म्हणजे समोर दिवसभर कामावर राबून आलेली माणसं असत. त्याच्या पुस्तकातला पहिलाच सराव असा आहे की एक लहानसा चौकोन आखायचा आणि पेननं एकमेकींना छेदणाऱ्या रेघा मारून तो अगदी सारखा भरायचा, कुठे डाग पडू द्यायचा नाही, कुठे फट राहू द्यायची नाही. ऐकायला रुक्ष वाटतं. पण मी हा सराव आजही देते, कारण यात कागद स्वतःच बोलतो. हात लांब करून चौकोन बघितला की कुठे रेघा दाटल्या आणि कुठे विरळ राहिल्या ते पोराला आपोआप दिसतं. मला काही बोलावंच लागत नाही. शिक्षकानं शिकणाऱ्याचा डोळा इथवर आणून सोडायचा असतो.

आता तो डबा.

माझ्या वर्गात वस्तुचित्राची सुरुवात झाकण काढलेल्या पत्र्याच्या डब्यानं होते. डबा स्टुलावर, मुलं पाटावर नाहीत, खुर्च्यांवर, म्हणजे डबा डोळ्यांच्या पातळीच्या बराच खाली येतो. पहिल्या कागदावर बहुतेकांचं एकच घडतं. डब्याचं तोंड दोन्ही टोकांना बदामासारखं टोकदार येतं, आणि तळाशी एक सरळ आडवी रेघ येते. नजर अधू आहे म्हणून असं होत नाही. तोंड गोल आहे हे माहीत असतं, म्हणून कसाबसा गोल दाखवायचा प्रयत्न होतो. डबा सपाट जागेवर ठेवला आहे हेही माहीत असतं, म्हणून तळ सरळ. डोळ्यांना जे दिसतं त्यावर डोक्यातली माहिती मात करते. नवशिक्याच्या जवळपास सगळ्या चुकांचं मूळ इथे आहे, असं माझं म्हणणं आहे. म्हणून "तळ चुकला, गोल कर" असं सांगून भागत नाही. सांगितलं तर ती आज्ञा म्हणून गोल करेल, आणि पुढच्या वेळी बादली समोर आली की पुन्हा सरळ रेघ मारेल.

परवाचा प्रसंग सांगते. असाच एक कागद घेऊन मुलगी आली. मी विचारलं, "तळाची रेघ सरळ का काढलीस?"

"डबा खालून सपाट आहे ना, बाई."

"आहेच. पण इथून तुला दिसतोय कसा?"

तिनं डब्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, पुन्हा डब्याकडे पाहिलं. पटेना. मी आतून काचेचा सरळ उभा ग्लास आणला, निम्म्यापर्यंत पाणी भरलं आणि तिच्याच हातात दिला. म्हटलं, एक डोळा मीट आणि ग्लास सावकाश वर ने. काठ डोळ्यांच्या पातळीला आला तसं ग्लासचं तोंड मिटत मिटत नुसती रेघ झालं. "आता पाणी बघ." पाण्याचा पृष्ठभाग त्या रेघेखाली थोडा उघडा, चपटं लंबवर्तुळ. "आता तळ बघ." तळ पाण्याहून जास्त उघडा. मग ग्लास खाली आणायला सांगितला. तोंड उघडत गेलं, पाणी त्याहून गोल, तळ त्याहूनही गोल. तिनं ग्लास तीन-चार वेळा वर-खाली केला. पाणी थोडं सांडलं. मग ती स्वतःच कागदाकडे वळली आणि म्हणाली, "म्हणजे तळ तोंडापेक्षा जास्त गोल पाहिजे."

त्या कागदाबद्दल आमचं तेवढंच बोलणं झालं. डब्याची डावी कड कलली होती. चित्र कागदाच्या कोपऱ्यात जाऊन बसलं होतं. छाया बोटानं घासून काळपट केली होती. हे सगळं मला दिसत होतं. मी त्यातलं काही बोलले नाही, कारण त्या दिवशीचा प्रश्न लंबवर्तुळाचा होता आणि त्याचं उत्तर तिला नुकतंच सापडलं होतं. त्यावर आणखी चार चुका लादल्या असत्या तर ग्लासमधली गंमत पुसली गेली असती आणि 'आपलं सगळंच चुकतं' एवढंच घरी गेलं असतं. कललेली कड पुढच्या कागदावर घेता येते. तोवर ती कधी कधी आपोआप सरळही होते.

एका कागदावर एकच गोष्ट सांगायची हा माझा आग्रह पुष्कळ सहकाऱ्यांना पटत नसे. त्यांचं म्हणणं असं की दिसत असलेली चूक दाखवली नाही तर ती हातात बसते. मला हे मान्य नाही. हातात बसते ती चूक वर्षानुवर्षं कुणीच न बघितल्यामुळे बसते. आज न सांगितलेली चूक पुढच्या आठवड्यात सांगितली तर काही बिघडत नाही. उलट एका वेळी पाच गोष्टी ऐकल्या की मूल त्यातली सगळ्यात सोपी पकडतं आणि बाकीच्या सोडून देतं. ती सोपी गोष्ट बहुधा खोडाखोड कमी करण्याची असते. मग कागद स्वच्छ दिसतो आणि नजर जिथल्या तिथे राहते.

कौतुकालाही हाच नियम लावते. कौतुक हवंच, त्याशिवाय दुसरा कागद हातात घ्यावासा वाटत नाही. पण "वा, मस्त!" हे ज्यानं त्यानं सगळ्यांनाच म्हटलेलं असतं हे दहा वर्षांच्या मुलालाही कळतं. त्याऐवजी "ही उजवी कड बघ, एका दमात ओढली आहेस, कुठे तुटली नाही," असं म्हटलं की मूल आपल्याच रेषेकडे नव्यानं बघतं. ती रेष पुन्हा तशीच ओढायची तर काय केलं होतं, हे ते आठवू लागतं. म्हणजे ते कौतुक सुद्धा शिकवण्याचंच काम करतं.

मोठ्या माणसांचं वेगळं असतं. त्यांना कागदापेक्षा निकालाची घाई असते. एसटीत कंडक्टरकी करून निवृत्त झालेले एक गृहस्थ वर्गाला येतात. त्यांना छटांची पट्टी दिली होती, नऊ चौकटी, पहिली कोरी पांढरी, शेवटची जमेल तितकी काळी. त्यांनी ती मान खाली घालून, मनापासून केली. पण नऊच्या नऊ चौकटी फिक्या आणि मध्यम करड्या यांच्यातच अडकल्या. कागद पुढे करत ते म्हणाले, "बाई, जमंल का ओ मला ह्या वयात?"

या प्रश्नाचं उत्तर मी देत नाही. 'जमेल' म्हटलं तर ती भलामण होते, आणि 'बघू' म्हटलं तर त्यांना नकार ऐकू येतो. मी त्यांना विचारलं, "डोळे किलकिले करून बघा, या खोलीत सगळ्यात काळं काय दिसतं?" त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "त्यो दाराआडचा कोपरा." म्हटलं, पट्टी हातात लांब धरा आणि शेवटची चौकट त्या कोपऱ्यावर आणा. एक डोळा मिटून त्यांनी पट्टी धरली. थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "लई फिक्कं हाय की ओ हे." कागद फाटेल या भीतीनं ते एचबी पेन्सिलीनं हलक्या हातानं काम करत होते. सिक्सबी हातात दिली, शेवटची चौकट आधी काळी करायला सांगितली, मग पहिली कोरी ठेवून दोन्हीकडून मधे यायला सांगितलं. त्या दिवशीची दुसरी पट्टी पहिलीशेजारी ठेवल्यावर 'जमेल का' हा प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही.

वयाचा विषय निघालाच आहे तर व्हॅन गॉगचं सांगते, कारण त्याच्या नावानं फक्त वेडाच्या आणि कापलेल्या कानाच्या गोष्टी चघळल्या जातात, सरावाची गोष्ट कुणी सांगत नाही. चित्रकार व्हायचं हे त्यानं 1880 मध्ये ठरवलं, सत्ताविसाव्या वर्षी. तेव्हा तो बेल्जियमच्या बोरिनाज नावाच्या कोळसा खाणींच्या भागात होता. कागद दाखवायला जवळ गुरू नव्हता. त्यानं शार्ल बार्गच्या चित्रकलेच्या पाठांचे छापील नमुने मागवले आणि ते एकामागून एक उतरवून काढले. नमुना शेजारी ठेवला की आपली रेष कुठे घसरली ते नमुनाच दाखवतो, त्यामुळे एकट्या माणसाला ही सोय मोलाची होती. आणि आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, 1890 मध्ये, इतकी चित्रं काढून झाल्यावरही त्यानं बार्गचेच नमुने भावाकडे पुन्हा मागितले. नवशिक्या असताना केलेला सराव त्याला तेव्हाही कमीपणाचा वाटला नाही.

पण समोरच्या वस्तूवरून काढताना असा नमुना शेजारी नसतो. म्हणून मापं घ्यायची साधनं मुलाच्या हातात द्यावी लागतात. हात ताठ ठेवून पेन्सिल धरायची, टोकापासून अंगठ्यापर्यंत डब्याची रुंदी पकडायची आणि तेवढंच माप उंचीवर फिरवून बघायचं. कड कलली आहे का हे बघायला दोऱ्याला एक नट बांधून गवंड्यासारखा ओळंबा करायचा आणि डोळ्यांसमोर धरायचा. बाबांना तो डबा तिरका वाटला होता ना, त्यांनी तिच्या हातात एवढा दोरा दिला असता तरी पुरलं असतं. कुठली कड आणि किती, ते तिनंच शोधून काढलं असतं.

आता एक गोष्ट जरा कडक शब्दांत सांगायला हवी. शिकणाऱ्याच्या कागदावर शिक्षकानं आपली पेन्सिल चालवू नये. "इकडे आण, दाखवतो," म्हणत कागद ओढून घेणं, तोंडाची कड स्वतः गोल करून देणं, दोन गडद फटकारे मारून छाया उठवून देणं, हे शाळाशाळांतून सर्रास चालतं. ही पद्धत जुनी आहे, मोठमोठ्या चित्रकारांनीही शिष्यांच्या कागदावर हात चालवला आहे, हे मला ठाऊक आहे. तरीही मी त्याच्या विरोधात आहे. त्या क्षणी चित्र सुधारतं, आणि ते मुलाचं राहत नाही. घरी कौतुक होतं ते नेमकं त्या दोन फटकाऱ्यांचं होतं, आणि मुलाला ते आतून माहीत असतं. दाखवायचंच असेल तर शेजारी कोरा कागद घ्यावा, त्यावर काढावं, आणि दाखवून झालं की तो कागद बाजूला ठेवून द्यावा. शाळेच्या प्रदर्शनात वीस कागदांवर एकाच हाताची छाया दिसते तेव्हा त्या वीस मुलांच्या वर्षभराच्या मेहनतीबद्दल मला फार वाईट वाटतं.

यात शिक्षकांना सगळा दोष देणं अन्यायाचं होईल. त्यांच्या मागे परीक्षा असते. कला संचालनालयाच्या शासकीय रेखाकला परीक्षा, आपल्या बोलण्यातल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहेत. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन हे एलिमेंटरीचे विषय कित्येक पालकांनीही आपापल्या शाळकरी वयात दिलेले आहेत. या परीक्षांचं माझ्या मनात मोठं स्थान आहे. डोंगरकपारीच्या शाळेतल्या मुलाच्या हातात पहिल्यांदा ड्रॉइंग बोर्ड आणि जाड कागद आला तो पुष्कळदा या परीक्षेमुळे आला. ती बंद व्हावी असं मी कधीही म्हणणार नाही.

पण परीक्षेतून मुलाच्या हातात येते ती श्रेणी. ए, बी किंवा सी. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, एला 7, बीला 5, सीला 3. सी आलेल्या मुलाला आपलं भूमितीत अडलं की वस्तुचित्रात, तोंड चुकलं की छाया, हे त्या एका अक्षरातून कळत नाही. आणि गुण जोडल्यामुळे तयारीची तऱ्हा बदलली आहे. स्मरणचित्रासाठी ठरावीक माणसं पाठ करून घेतात, एक डोक्यावर टोपली घेतलेली बाई, एक पाठमोरा माणूस, एक फुगेवाला, आणि विषय जत्रेचा आला काय, बाजाराचा आला काय, तीच मंडळी कागदावर हजर होतात. याहून मला टोचते ती वस्तुचित्राची पाठांतरं. एका सराव परीक्षेत मी पर्यवेक्षणाला होते. हॉलला खिडक्या फक्त उजव्या हाताला. कळशी, फळं आणि घडी केलेलं फडकं मांडलेलं, सगळ्यांवर उजवीकडून उजेड. मुलांचे कागद बघत रांगेतून फिरले, तर एकामागून एक कागदावर कळशीची डावी बाजू उजळ आणि उजवी काळी. क्लासमध्ये डावीकडून उजेड धरायचा असं शिकवलं होतं, ते सगळ्यांनी चोख उतरवलं होतं. समोरची कळशी नीट बघायची गरजच कुणाला पडली नव्हती. रेषा सफाईदार, फिनिशिंग उत्तम. अशा कागदाला चांगली श्रेणीही मिळू शकते, आणि मग त्या मुलाला उजेडाबद्दल कुणी कधी काही विचारणार नाही.

मुळात हे विचारायला शाळेत माणूस हवा. शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी कलाशिक्षणाचा निदेशक सांगितला आहे, पण तो अर्धवेळ, आणि तोही मुलांची संख्या शंभरावर असेल तरच. लहान गावच्या शाळेत या तीन वर्गांत मिळून शंभर मुलं कुठून येणार? तिथे गणिताचे किंवा भाषेचे शिक्षकच चित्रकलेचा तास घेतात, किंवा तो तास दुसऱ्याच विषयाला जातो. शंभराची ही अट काढली पाहिजे आणि दोन-तीन शाळांना मिळून का होईना, पण पूर्णवेळ कलाशिक्षक दिला पाहिजे, ही माझी मागणी आहे. कला हा आनंदाचा विषय आहे असं सरकारी कागदांत वाचायला मिळतं. तो आनंद टिकवायला कुणीतरी रोज मुलांचे कागद बघावे लागतात.

तोवर घरच्या माणसांनी काय करावं? मला पालक नेहमी म्हणतात, "आम्हाला चित्रातलं काही कळत नाही हो." कळायची गरज नाही. मूल घरी वस्तू मांडून काढत असेल तर तीन गोष्टी कुणालाही करता येतात. पहिली, कागदाकडे बघण्याआधी मूल जिथे बसून काढत होतं तिथे जाऊन बसायचं. उभं राहून बघितलं तर डब्याचं तोंड जास्त गोल दिसतं, खाली बसलं की चपटं होतं, आणि उभ्यानं दिलेलं मत बसून काढलेल्या चित्राला लागू पडत नाही. दुसरी, आज शिकायचं काय होतं ते मुलालाच विचारायचं. तिसरी, "यात तुला सगळ्यात जास्त त्रास कुठे झाला?" एवढं विचारून गप्प राहायचं. मूल कागदावर बोट ठेवतं, आणि ते बोट बहुतेक वेळा अगदी योग्य जागी पडतं. मग दोघांनी मिळून वस्तूची ती जागा बघायची. खोडरबर मात्र दूर ठेवायला सांगा. चुकीची रेष हलकीच राहू द्यावी आणि शेजारी नवी ओढावी, म्हणजे आधी कुठे होतो आणि आता कुठे आलो ते दिसत राहतं. कागदाच्या मागे तारीख घालावी. कपाटावर सुरळ्या साठवण्यापेक्षा कागद सपाट, एकावर एक, फाइलमध्ये ठेवावेत. मूल हिरमुसलं की तीन महिन्यांपूर्वीचा डबा आणि आजचा डबा शेजारी ठेवावा. तेव्हा आपल्याला फारसं काही बोलावं लागत नाही.

कलाशिक्षक मित्रमैत्रिणींनाही सांगणं आहे. साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाच्या कागदावर बोलायला वेळ कुठे, हे मला तुम्ही ऐकवणार, आणि ते खरंच आहे. मीही साठांचे वर्ग घेतले आहेत. एका तासाला पाचच कागद घ्या. त्या पाचांच्या मागे 'बरोबर' आणि 'चूक' न लिहिता एकेक प्रश्न लिहा. 'उजेड कुठून येतोय?' किंवा 'तोंड जास्त गोल की तळ?' एवढाच. पुढच्या तासाला त्या पाच जणांनी तीच वस्तू पुन्हा काढायची आणि तुम्ही दुसरे पाच कागद उचलायचे. बाकीच्यांच्या जोड्या लावा, आणि जोडीदारानं उठून आपल्या शेजाऱ्याच्या खुर्चीवर बसायचं, तिथून वस्तू बघायची आणि एकच फरक सांगायचा, असा नियम करा. सुरुवातीला वर्गात गोंधळ होतो, खुर्च्या सरकतात, शेजारच्या वर्गातून तक्रार येते. दोन-तीन आठवड्यांत मुलं सरावतात. मग तुम्ही जवळ जायच्या आधीच मागच्या बाकावरून ऐकू येऊ लागतं, "अगं, इथून कान दिसतच नाही कपाचा, तू काढलास कुठून?"